वाईट बातमी कशी सांगावी

भोंगाबाई हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलं होतं, आणि पोरांना वाटायचं की बाईंना ते माहीत नाही. वा रे शहाणे! जिच्या आवाजाने मैदानापलीकडच्या वर्गातलं पोरगंसुद्धा दचकून नकाशावर बोट ठेवायचं, तिचे कान काय गहाण पडले होते? बाईंना सगळं माहीत होतं आणि नाव मनातून आवडतही होतं. निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापकांनी माइक पुढे केला, तर म्हणाल्या, "भोंग्याला कशाला हवा भोंगा?" आणि तशाच बोलल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही ते भाषण ऐकू गेलं.

शिकवला जन्मभर भूगोल, पण बाईंचा खरा धडा एकच होता. जे आहे ते तोंडावर सांगायचं. पोरगं नापास झालं की त्याला बोलावून सांगायच्या, "नापास झालास. रडायचं असेल तर त्या बाकावर बस, मी पाणी आणते. रडून झालं की पुस्तक काढ." पोरगं रडायचं, पाणी प्यायचं, पुस्तक काढायचं. पालकांनी तक्रार केली की बाई पालकांनाही बाकावर बसवायच्या.

आता अशा बाईची गाठ कुणाशी पडावी? तर वैद्यकीय विद्यापीठात 'वाईट बातमी कशी सांगावी' हे शिकवणाऱ्या माणसाशी! वरचा जो कोणी गाठी मारतो ना, त्याला दुसरं काही काम नसतं.

लग्न झालं तेव्हा हा विषय नव्हता, एवढं कबूल करायला हवं. तेव्हा सर साथीच्या रोगांच्या खात्यात होते. डॉक्टर होते, पण पेशंटशी संबंध कमी आणि तक्त्यांशी जास्त. मग एके वर्षी विद्यापीठाला साक्षात्कार झाला की आपली मुलं हुशार आहेत, पण माणसांशी बोलताना नुसते दगड. लगेच नवा विषय निघाला, तोही सक्तीचा. पास झाल्याशिवाय डॉक्टरकी नाही. शस्त्रक्रियावाल्यांनी हात वर केले, हृदयवाल्यांनी वेळ नाही म्हणून सांगितलं, बालरोगवाल्या बाईंनी नाक मुरडलं. शेवटी ते लोढणं सरांच्या गळ्यात पडलं. सर कुठल्याशा शिबिराला जाऊन आले, येताना पायऱ्यांचा एक रंगीत तक्ता घेऊन आले, आणि तिथून पुढे माणूस हाताबाहेर गेला.

तळमजल्यावर ओळीने लहान लहान खोल्या बांधल्या. प्रत्येक खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक खाट आणि भिंतीत एक मोठी काच. आत बसलेल्याला तो आरसा वाटतो. पलीकडच्या बोळात बसलेल्या परीक्षकाला मात्र आतलं सगळं दिसतं. खाटेवर पैसे देऊन आणलेला खोटा पेशंट. घंटा झाली की विद्यार्थी आत शिरतो, पेशंटला वाईट बातमी देतो, पुन्हा घंटा झाली की पुढच्या खोलीत. खुर्ची समोरासमोर ठेवायची नाही, जरा तिरकी ठेवायची, त्याला गुण. कोपरं गुडघ्यांवर, मान किंचित पुढे, त्याला गुण. आधी विचारायचं, "तुम्हाला आत्तापर्यंत काय माहिती आहे?" मग विचारायचं, "तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल?" मग मध्येच गप्प बसायचं, गप्प बसण्याला घसघशीत गुण. टिश्यूचा डबा पेशंटकडे सरकवण्यालाही गुण, पण पेशंटच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी सरकवला तर अर्धा कापायचा. मुलं बोळात उभी राहून पुटपुटत पाठ करायची, खुर्ची, कोपर, थांब, डबा. सरांचं नाव पडलं खुर्चीसर. बातमी नेमकी कुठल्या पायरीवर सांगायची, ते मात्र कित्येकांना कळायचंच नाही. पायऱ्या चढता चढता घंटा व्हायची आणि पोरगं पास होऊन बाहेर पडायचं!

हे विद्यापीठात चालेना का. पण बाईंची आई गेली तेव्हा हा तक्ता घरात आला.

बाई कपडे वाळत घालत होत्या. मेहुण्याचा फोन गेला तसे सर दुपारीच घरी आले, स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून गच्चीच्या दाराशी आणली, तिरकी ठेवली आणि म्हणाले, "जरा बस. तुला आईच्या तब्येतीबद्दल आत्तापर्यंत काय माहिती आहे?"

"काल बोलले की तिच्याशी. गुडघा दुखतोय म्हणाली. का हो?"

"तुला आत्ता किती जाणून घ्यायला आवडेल?"

बाईंच्या हातातली ओली चादर हातातच राहिली. "अहो, माझी आई गेली का?"

सर गप्प बसले. गुण असतात ना गप्प बसण्याला! बाईंनी त्यांना बाजूला सारलं आणि भावाला फोन लावला. भाऊ हुंदके देत म्हणाला, "ताई, आई गेली गं." एवढंच. तिथेच जमिनीवर बसून बाई पोटभर रडल्या. सर मागे उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर काळजी होती, की आपली तिसरी पायरी चुकली कुठे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यानंतर एकदा परीक्षेच्या दिवशी खोटी पेशंट आलीच नाही, तेव्हा सर बाईंना घेऊन गेले. "नुसतं बसायचं. तुझ्या घशाची तपासणी झालीय आणि निकाल वाईट आलाय, असं धरून चालायचं." बाई म्हणाल्या, चला, बघू तरी तुमचा कारखाना. खाटेवर जाऊन बसल्या.

घंटा झाली. आत आला तो सरांचा पट्टशिष्य, विद्यापीठाचं सोनं. इस्त्रीचा कोट, चेहऱ्यावर तयार केलेली माया. खुर्ची तिरकी झाली, कोपरं गुडघ्यांवर आली. "काकू, तुम्हाला आत्तापर्यंत काय माहिती आहे?"

"काही नाही. तूच सांग."

"तुमच्या मनात अनेक प्रश्न असणं अगदी साहजिक आहे."

"अनेक नाहीत रे. एकच आहे. काय झालंय मला?"

शिष्य थांबला. डबा सरकला. कोरडे ठणठणीत डोळे वटारून बाईंनी डब्याकडे बघितलं. "आपण हे सगळं एकत्र मिळून समजून घेऊ," शिष्य म्हणाला आणि घंटा झाली. तो उठला तशा बाई खाटेवरून ओरडल्या, "अरे पोपटा, मी जगणार की मरणार तेवढं तरी सांगून जा!" बोळातले सगळे परीक्षक दचकले.

पोपटाला पूर्ण गुण मिळाले. खोट्या पेशंटलाही थोडे गुण द्यायचा हक्क असतो. बाईंनी भोपळा दिला. घरी येताना सर चिडले होते. "तू नियमाबाहेर गेलीस. पेशंटने एकदम 'काय झालंय' असं विचारायचं नव्हतं."

"मग पेशंट दुसरं काय विचारतो हो?" बाई म्हणाल्या. बाईंचा भोपळा रद्द झाला आणि पोपट पहिला आला. पुढे तो घशाचा सर्जन झाला, त्याच विद्यापीठाच्या इस्पितळात शिकवायला लागला. हात सोन्याचा आहे असं सगळे म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं.

मग बाईंचा आवाज बसला.

बाईंनी स्वतःच ते उडवून लावलं. जन्मभर खडूची धूळ खाल्ली, ओरडले, आता घसा सुट्टी मागतोय, बाकी काय! मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, मध चाटला. आवाज काही परत येईना. खरखर वाढली, वरच्या पट्टीत शब्द फुटेनात. सर रोज त्यांच्यासमोर बसून जेवायचे. रोज विद्यापीठात जाऊन मुलांना सांगायचे की ऐकणं ही फार मोठी कला आहे, पेशंटच्या शब्दांच्या मागचंही ऐकायला शिका. आणि घरात बायकोचा गळा घोगरा होत चाललाय, तर स्वारी ढिम्म! एकदोनदा म्हणाले, "गुळण्या चालू ठेव." लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

शेवटी लेकीने हटकलं. ती दुसऱ्या शहरात नोकरीला. फोनवर म्हणाली, "आई, तुझा आवाज मला पुरुषासारखा येतोय. कधीपासून आहे हे? बाबा डॉक्टर आहेत ना घरात?"

"आहेत ना. बसलेत समोर," बाई म्हणाल्या. सरांनी ताटातून मान वर केली नाही.

लेकीनेच मागे लागून आईला इस्पितळात पाठवलं. पोपटाने घशात दुर्बीण घातली, तुकडा काढून तपासायला दिला आणि पुढच्या आठवड्यात दोघांना बोलावलं.

त्याची खोली स्वच्छ होती, टेबलावर घशाचं प्लास्टिकचं मॉडेल होतं, भिंतीला टेकून तीन विद्यार्थी शिकायला उभे होते. पोपट टेबलामागून उठला, खुर्ची घेऊन पुढे आला आणि तिरका बसला. बाईंनी लगेच ओळखलं. माणूस हसून आपल्या जागेवर बसला असता तर काही नव्हतं. खुर्ची तिरकी झाली की घात.

"काकू, तुम्हाला आत्तापर्यंत काय माहिती आहे?"

"पुन्हा तेच का रे? मला काय झालंय?"

"ही बातमी जरा गंभीर आहे." पोपट थांबला. आणि त्या शांततेत बाईंना शेजारून बारीक आवाज आला. सर पुटपुटले होते, "छान."

बाईंनी वळून बघितलं. सर खुर्चीत किंचित मागे रेलून, मान एका बाजूला करून शिष्याकडे बघत होते. काचेपलीकडून बघायचे, अगदी तसे.

"कॅन्सर आहे का?" बाईंनी विचारलं.

"त्या शब्दाची भीती वाटणं साहजिक आहे, काकू."

"मला भीती वाटते की नाही ते माझं मी बघते. आहे की नाही?"

"आहे."

"मरणार का मी?"

"ऑपरेशन केलं तर बऱ्याच वर्षांची आशा आहे. चांगली आशा आहे." पोपटाच्या कपाळावर घाम आला होता, ह्या उत्तरांना पायऱ्या नव्हत्या.

"मग एवढं सुतकी तोंड कशाला केलंस? ऑपरेशनमध्ये काय काढणार?"

"आपण ते टप्प्याटप्प्याने..."

"माझा आवाज राहणार का?"

भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलीने खाली बघितलं. पोपटाने टिश्यूचा डबा सरकवला, मग काय वाटलं कोण जाणे, मागे ओढून घेतला. "नाही," तो म्हणाला. "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यावा लागेल. नंतर गळ्याला यंत्र लावून बोलता येईल, पण तो आवाज यंत्राचाच असेल."

"म्हणजे घरात दोन यंत्रं होणार," बाई म्हणाल्या. मग त्यांनी शेवटचं विचारलं. "आधी आले असते तर?"

पोपटाने सरांकडे बघितलं. सर चष्मा पुसत होते. "सुरुवातीला कळलं असतं तर नुसत्या किरणांवर भागलं असतं, काकू. आवाज बहुधा वाचला असता."

बाईंनी मान हलवली. चूक आपलीच, त्यांनी मनाशी म्हटलं, गुळण्या करत बसले मूर्खासारखी. रडू फुटत होतं, पण त्या डब्यासमोर रडायचं नाही एवढं त्यांनी ठरवलं आणि उठल्या. बाहेर बोळात आल्यावर मागून सरांचा आवाज ऐकू आला. दाराशी उभे राहून ते पोपटाला समजावत होते, "सुरुवात उत्तम होती. पण शेवटी घाई केलीस. एकदम 'नाही' असं म्हणायचं नसतं."

तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणावं! बायकोचा गळा कापायचं ठरतंय आणि हा गुण देतोय.

घरी येऊन बाईंनी लेकीला फोन केला. "मला घशाचा कॅन्सर झालाय. ऑपरेशन करणार आहेत. जीव वाचेल, आवाज जाईल. रजा काढून ये." तिकडे लेक ढसाढसा रडायला लागली, इकडे बाईही रडल्या, मग लेकीने विचारलं, "कुठला स्वेटर आणू, तिथे थंडी आहे का?" आणि दोघींनी नाकं पुसली. सांगणं ते एवढंच असतं. त्याला खोल्या बांधाव्या लागत नाहीत.

फोन ठेवून बाई सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आवाज आहे तोवर मला तुमच्याकडून एकच हवंय. तुम्हाला काय वाटतंय ते सांगा. तुम्हाला. तक्त्याला नाही. म्हणजे मला त्यावर काही बोलता येईल. नंतर तुम्ही बोलाल आणि मी बसेन मुकी."

सरांनी हात जुळवले, बोटं एकमेकांत अडकवली. "मला जाणवतंय की तू रागावली आहेस."

"जाणवतंय! अहो, घरभर भांडी आपटतेय मी, बहिऱ्यालाही जाणवेल! मी माझं नाही विचारत, तुमचं विचारतेय."

सर उठून पुस्तकांच्या खोलीत गेले. बाईंनी मागून सुनवायचं ते सगळं सुनवलं. निम्मे शब्द फुटले नाहीत. पुढचे दिवस असेच गेले. बाई विचारायच्या, सर तोंडात मूग धरून बसायचे, नाहीतर पुस्तकातलं एखादं वाक्य काढून द्यायचे. ऑपरेशनची तारीख जवळ येत होती.

आणि मग ह्या गृहस्थाने कमाल केली. ऑपरेशनला थोडे दिवस उरलेले असताना एका सकाळी तीन विद्यार्थ्यांना आणि एका कॅमेऱ्याला घेऊन घरी आला!

"रुग्णाचा अनुभव असा एक तास आहे," सर म्हणाले. जमिनीकडे बघत म्हणाले. "तू बोललीस तर... रेकॉर्ड होईल. तुझा आवाज राहील."

लेक आलेली होती, ती उसळली. "बाबा, लाज वाटते का?"

पण बाईंनी तिला हाताने थांबवलं. मुलांकडे बघितलं. तीच तिघं, पोपटाच्या खोलीत भिंतीला टेकलेली. चेहरे असे, की ह्यांनाच कुणीतरी वाईट बातमी दिली आहे. "लावा तुमचा कॅमेरा," बाई म्हणाल्या आणि सोफ्यावर बसल्या.

मुलीने घसा साफ केला. "काकू, ह्या सगळ्यातून जाताना तुम्हाला कसं वाटतंय?"

"संताप येतोय," बाई म्हणाल्या. "भीती पण वाटते. मी बोलून बोलून जगले गं. भाजीवाल्याशी भांडले, मुख्याध्यापकाशी भांडले, आणि उद्या मला कुणी पायावर गाडी घातली तरी 'अगं आई' म्हणता यायचं नाही. हे झालं माझं. आता कॅमेरा तिकडे फिरव." त्यांनी सरांकडे बोट केलं. "त्यांना विचार. त्यांच्या बायकोचा आवाज चाललाय."

मुलीने कॅमेरा फिरवला. "सर... तुम्हाला कसं वाटतंय?"

सर ताठ बसले. खूप वेळ थांबले. परीक्षा असती तर मिळतील तेवढे सगळे गुण मिळाले असते. मग म्हणाले, "अशा प्रसंगी कुटुंबीयांच्या मनात संमिश्र भावना असतात."

"कुटुंबीय!" बाई उठल्या. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! बंद करा रे ते. मुलांनो, चहा पिऊन जायचं असेल तर बसा, नाहीतर चालू लागा. आणि एक ऐकून ठेवा. पेशंटने विचारलं की सांगायचं. खुर्ची कुठेही असू दे."

चहाला कोणी थांबलं नाही. दारात मुलगी एकदम वळली, बाईंचा हात घट्ट धरला आणि निघून गेली. सर मुलांबरोबर खाली गेले ते जेवायच्या वेळेपर्यंत वर आले नाहीत. बाई लेकीला म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी बरा होता गं. लाजायचा, पण बोलायचा. शिकून वाया गेला."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाईंना हिरवा झगा चढवला, केस टोपीत कोंबले, बांगड्या काढून लेकीच्या हातात दिल्या. पोपट येऊन उभा राहिला. उभाच राहिला, खुर्ची शोधली नाही. "काकू, काही विचारायचंय?"

"नाही. तू आज बोलू नकोस, नीट काप."

"नीट कापतो," पोपट म्हणाला आणि पळाला.

ट्रॉली निघाली. बाईंना छताचे दिवे एकामागून एक जाताना दिसत होते. एका बाजूला लेक चालत होती, तिचा हात बाईंच्या हातात होता. दुसऱ्या बाजूला सर. शर्टाची एक बाही दुमडलेली, एक सुटलेली. बाईंनी त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. आठवडेच्या आठवडे विचारून दमल्या होत्या. एका माणसाकडून एक वाक्य काढायचं होतं, तेही जमलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी! जाऊ दे. ऑपरेशनच्या खोलीचं दार आलं. "नातेवाईक इथेच थांबा," ट्रॉली ढकलणारा म्हणाला. लेकीने आईचं कपाळ चुंबलं आणि मागे सरली.

आणि सरांनी ट्रॉलीचा कठडा धरला. धरला तो सोडेनात.

"मला आधी कळलं होतं," ते म्हणाले. बाईंना पहिल्यांदा कळलंच नाही की हा आवाज कुणाचा आहे. सर असे बोलत नसत. शब्द एकमेकांवर पडत होते. "लेकीच्या कितीतरी आधी. पहिल्या महिन्यातच कळलं होतं मला. मी डॉक्टर आहे गं. तू भाजीवाल्याला हाक मारलीस आणि आवाज फाटला, तेव्हाच मला कळलं हे काय असू शकतं. रोज ठरवायचो की आज बोलू. रोज वाटायचं की आपण बोललो नाही तर ते नसेल. गुळण्या कर म्हणालो तुला. मी घाबरलो गं. तुझ्याशिवाय... तू ओरडली नाहीस तर त्या घरात मी काय करू? मला माफ नको करूस. पण मला भीती वाटते. फार भीती वाटते."

नाक वाहत होतं, चष्मा घसरला होता, आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

बाई बघत राहिल्या. सगळं एकदम डोक्यात शिरलं. गुळण्या, ताटात घातलेली मान, पुसलेला चष्मा. किरणांवर भागलं असतं.

"आत्ता सांगताय?" त्या म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. हो म्हणाले. ट्रॉली ढकलणाऱ्याने त्यांची बोटं कठड्यावरून हलकेच सोडवली, कारण आत बोलावणं झालं होतं, आणि दार लागलं.

आत गार होतं. मोठा गोल दिवा होता, मास्क लावलेली माणसं हत्यारं मांडत होती. बाईंनी टेबलावर पडल्या पडल्या मान उचलली. त्यांना त्या माणसाच्या कानाखाली आवाज काढायचा होता. मेल्या, तुझ्या भीतीपायी माझा आवाज गेला, असं सगळ्या इस्पितळाला ऐकू जाईल असं ओरडायचं होतं. आणि तो घरी जाऊन अंधारात एकटा बसू नये म्हणून त्याला लेकीबरोबर जेवायला पाठवायचं होतं. आणखीही काहीतरी सांगायचं होतं, ते काय ते त्यांना अजून नीट सापडलं नव्हतं, पण त्याच्यासमोर उभं राहिलं असतं तर तोंडातून आपोआप बाहेर पडलं असतं. जन्मात कधी शब्द शोधावा लागला नव्हता.

भूल देणारी डॉक्टर उशाशी आली. कोवळी पोर, डोळ्यांवरून पंचविशीची. बाईंच्या हाताला टोचलेली सुई तिने तपासली.

"मला जरा बाहेर न्या," बाई म्हणाल्या. आवाज घोगरा येत होता, तरी स्वतःचा येत होता. "लगेच परत येते. माझं त्यांच्याशी बोलायचं राहिलंय."

"नंतर बोला हं मावशी, निवांत," ती म्हणाली आणि मास्क त्यांच्या तोंडावर ठेवला.